सहा किलो चारशे

१

रोज सकाळी, दूध पाजायच्या आधी, श्रद्धा निधीचं वजन करायची. काटा बॅगा तोलायचा होता, मुठीत धरायचा, खाली हुक असलेला. भारतात जायचं म्हटलं की तेवीस किलोचं गणित जमवायला इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या प्रत्येक देशी घरात असतो, तसलाच. जुन्या साडीच्या तुकड्याची झोळी करायची, सात महिन्यांची निधी तिच्यात ठेवायची, गाठीत हुक अडकवायचा आणि पलंगावरून वीतभर उचलायचं. आकडा थांबला की काटा बारीक वाजायचा. त्यातून झोळीचे दोनशे ग्रॅम वजा. राहिलं ते लेकीचं.

"तेवीसपर्यंत फ्री आहे, अजून बरीच जागा आहे," प्रणव रोज तोच विनोद करायचा.

श्रद्धाला हसू यायचं नाही. घरी येऊन बाळ तपासणाऱ्या हेल्थ व्हिजिटर बाई आल्या की वाढीच्या तक्त्याचं लाल पुस्तक उघडून दाखवायच्या, निधीचा ठिपका खालून दुसऱ्या रेघेवर. मुलगी छान आहे, हसरी आहे, फक्त वजन जरा. त्या एका 'फक्त'नं श्रद्धाची झोप गेली होती.

प्रणव तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तो शिकत शिकत ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीत पोचला. ती सातवीनंतर घरी बसली, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडे आणि आई अंथरुणाला खिळलेली. लग्न घरातल्या घरात झालं. रीडिंगच्या मराठी मंडळात बायका आपापल्या डिग्र्यांवर आल्या की ती निधीचा नॅपी बघायला उठायची. पण हाताचा अंदाज तिचा पक्का. बापाबरोबर आठवडी बाजारात लसूण विकायला बसलेली ती. मुठीत घेतलं की पाव किलो भरलं का दोन पाकळ्या कमी, ते ती डोळे मिटून सांगायची.

तिच्या मनात एक सल होता, तो बारशाचा. आपल्याकडे पाळण्यात आधी वरवंटा जातो. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात. दोघी जणी पाळण्याच्या दोन बाजूंना बसतात. एकीनं 'घ्या हो, कुणी घ्या' म्हणत पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं घेऊन वरून परत करायचा. आधी दगड, मग बाळ. रीडिंगच्या फ्लॅटमध्ये वरवंटा कुठला? मिक्सरचं भांडं टॉवेलात गुंडाळलं. सगळे पोट धरून हसले. व्हिडिओ कॉलवर सुहासिनीआत्या, म्हणजे आता सासूबाई, तेवढ्या हसल्या नाहीत.

"भांडं पोकळ असतं गं," त्या म्हणाल्या होत्या. "दगड लागतो. पोर दगडासारखी टणक व्हावी म्हणून असतो तो."

आणि आता निधी वजन धरत नव्हती. श्रद्धा हे कुणापाशी बोलली नाही. कुणापाशी बोलणार?

त्या शनिवारी सकाळी काट्यानं सहा पॉइंट साठ दाखवलं. झोळी वजा. सहा किलो चारशे. मग तिनं काटा आणि झोळी बॅगेत टाकली आणि खाली गाडी उभी होती तिकडे गेली.

२

सहल निवेदिताची होती. निवेदिता पुण्याची, हाडांची डॉक्टर, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायची. कुणाला किल्ल्यांचं वेड असतं, तसं तिला जुन्या खाणींच्या गावांचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात डोंगरात वसलेली, खाण संपल्यावर ओस पडलेली गावं ती शोधून शोधून बघायची. तिच्या नवऱ्याची त्या वीकेंडला ड्यूटी होती, म्हणून हे तिघं आणि ती. मे महिन्याचा बँक हॉलिडे, वेल्समधल्या डोंगरात दोन रात्रींसाठी घर.

"शिशाची खाण होती इथे," गाडीत निवेदिता सांगत होती. "ऐंशी घरं, एक चॅपल, एक शाळा. आता राहतात अकरा माणसं."

"आणि आपण पैसे देऊन जातोय," प्रणव म्हणाला. "श्रद्धा, तुमच्या वाडीवर पण लावू या तिकीट."

"लावा की," श्रद्धा म्हणाली. "आधी एसटी तरी येऊ दे तिथे."

कूमहेलिग गाव दरीच्या एका अंगाला चिकटलेलं होतं. वर खाणीतून काढलेल्या दगडांचे करडे ढीग. दीडशे वर्षांत त्यांच्यावर गवताचं पातं उगवलं नव्हतं. मेंढ्यासुद्धा कडेकडेनं जात होत्या. खाली एका ओळीत खाणकामगारांची दगडी घरं, भिंतीला भिंत लावलेली. त्यातलं चार नंबरचं घर लोकांना बघायला ठेवलेलं.

ते दाखवणारी बाई ग्वेन. सत्तरीची, गुडघ्यानं अधू, बोलणं सावकाश. श्रद्धाचं इंग्रजी दुकानापुरतं आणि बसपुरतं, पण ग्वेनचं तिला सगळं कळत होतं. ही चूल. हे बंद पडलेलं घड्याळ. हा टब, याच्यात नवरा खाणीतून आल्यावर आंघोळ करायचा, मग त्याच पाण्यात मुलं.

आणि खिडकीजवळ पाळणा.

श्रद्धाला वाटलं होतं, इंग्लिश सिनेमात असतो तसा जमिनीवर डुलणारा असेल. हा तसा नव्हता. लाकडी पेटी, चार कड्या, आणि वर तुळईला दोरखंडानं टांगलेला. अगदी आपल्यासारखा.

"उंदरांमुळे," ग्वेन म्हणाली.

पाळण्यात काहीतरी होतं. करड्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं, डोक्याकडून नीट दुमडलेलं. प्रणवनं वाकून बघितलं आणि हसला. "दगड आहे."

"खाणीतला," ग्वेन म्हणाली. "पाळणा रिकामा ठेवायचा नाही. माझी आई ठेवायची, तिच्याआधी तिची आई. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

प्रणव आणि निवेदिता घड्याळाकडे वळले. श्रद्धा तिथेच उभी राहिली. एवढ्या लांब, सात समुद्रापलीकडे, कुणीतरी बाईनं पाळण्यात दगड ठेवला होता आणि त्याला बाळासारखं गुंडाळलं होतं. तिला खूप बरं वाटलं. हिला समजावून सांगायची गरज नव्हती.

३

टूर संपली. निधीचा नॅपी ओला झाला होता. ग्वेन म्हणाली, "बदल इथेच, लव. आता तासभर कुणी यायचं नाही." ती तिकिटांच्या खोलीकडे लंगडत गेली. प्रणव बाहेर फोटो काढायला. निवेदिताचा करडा लोकरी जंपर दारातून बाहेर पडताना श्रद्धानं बघितला.

खोलीत ती आणि निधी. खिडकी लहान, उजेड जेमतेम. नॅपी बदलून झाला. निधी जमिनीवरच्या गोधडीवर पाय उडवत होती.

श्रद्धानं पाळण्याकडे बघितलं. मग दाराकडे.

यात वाईट काय आहे, तिनं स्वतःला विचारलं. एक मिनिटाचं काम. खरा दगड, खरा पाळणा. आत्याबाईंना फोनवर सांगता येईल.

तिनं शालीतला दगड उचलला. दोन हात लागले. चांगला भारी होता, आकाराच्या मानानं फारच. ती पाळण्याशी गुडघ्यांवर बसली, मनातल्या मनात लाजली, आणि हळूच म्हणाली, "घ्या हो, कुणी घ्या." दगड पाळण्याखालून पलीकडे सरकवला.

पलीकडून तो कुणीतरी घेतला.

श्रद्धानं मान वर केली नाही. पाळण्याच्या पेटीमुळे पलीकडचं दिसत नव्हतं. खाली फक्त दोन बाह्या दिसल्या, करड्या. निवेदिताताई परत आली वाटतं, तिला वाटलं. आणि न हसता बसली समोर. पुण्याची डॉक्टर असून बसली. दगड वरून परत आला, तिनं घेतला आणि मांडीशी ठेवला.

मग निधी. "घ्या हो, कुणी घ्या." हात आले. अलगद घेतलं त्यांनी, ज्यानं पोरं हाताळली आहेत त्याच्यासारखं, मानेखाली तळवा देऊन. क्षणभर खोलीत काहीच आवाज नव्हता. मग पाळण्यावरून निधी परत आली, श्रद्धानं तिला खांद्याला लावलं आणि म्हणाली, "थँक्यू हं ताई. आता आत्याबाई खूश होतील."

तिनं मांडीशी ठेवलेला दगड पाळण्यात परत ठेवला. एका हातानं ठेवता आला. हाताला सवय झाली असेल, ती मनाशी म्हणाली.

उभी राहिली तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. दोरखंड किंचित करकरत होता.

निवेदिता ओळीच्या शेवटच्या घराशी फोनवर होती. श्रद्धाला बघून तिनं हात केला, अजून पाच मिनिटं म्हणून. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सॉरी गं, हॉस्पिटलचा होता. तिथून निघाले तेव्हापासून बोलतेय. नॅपी झाला का बदलून?"

४

गाडीपर्यंत चढ होता, शंभर पावलं असेल. श्रद्धा तीनदा थांबली.

"थकलीस?" प्रणवनं विचारलं.

"निधी जड लागतेय."

"वा. तेच तर पाहिजे होतं तुला."

निधी शांत होती. रडत नव्हती, केस ओढत नव्हती. खांद्यावर गाल टेकून पडली होती. नाक तेच, कानामागची लाल खूण तीच. श्रद्धानं दोनदा कान मागे करून बघितला.

भाड्याचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं. स्वयंपाकघरात लाकडी फळ्यांची जमीन. हात मोकळे करायला श्रद्धानं निधीला खाली ठेवलं, आणि आवाज झाला. टक्. पाटा खाली ठेवावा तसा. निधीनं तोंड वाकडं केलं नाही. ती वर बघून हसली.

"काय पडलं?" निवेदितानं विचारलं.

"काही नाही," श्रद्धा म्हणाली. तिनं बॅगेतून झोळी काढली, काटा काढला. दुपारचे चार वाजले होते. या वेळी ती कधीच वजन करायची नाही.

काटा वाजला. आठ पॉइंट दहा. झोळी वजा, सात नव्वद.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा बघता का?"

प्रणवनं बघितलं. "बॅटरी गेली असेल."

"तांदूळ तोला."

एक किलोचं न फोडलेलं पाकीट होतं. काट्यानं एक पॉइंट शून्य एक दाखवलं. प्रणवनं पाकीट परत ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "लहान मुलाला तोलताना ते हलतं ना. असे काटे त्यासाठी नसतात."

"हलत नव्हती ती," श्रद्धा म्हणाली. "तेच सांगतेय."

संध्याकाळी सुहासिनीआत्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना दगडाचं सांगावं असं श्रद्धाच्या जिभेवर आलं, आणि गिळलं. आत्याबाई निधीला बघून म्हणाल्या, "अगंबाई, बाळसं धरलंय की. दृष्ट काढ आजच." प्रणवनं विजयी नजरेनं बायकोकडे बघितलं. सगळ्यांना जे हवं होतं तेच झालं होतं, आणि ती एकटीच निधीचा कान पुन्हा मागे करून बघत होती.

निधीनं दूध घेतलं, पण ओढ नव्हती. नुसतं तोंडात धरून ठेवल्यासारखं. रात्री झोपताना नॅपी बघितला, कोरडा. श्रद्धाच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. दिव्याखाली धरलं तर करडी चमक, पेन्सिलीचं शिसं घासल्यासारखी. साबणानं गेली. पुन्हा निधीला उचललं, पुन्हा आली.

ती स्वतःला समजावत राहिली. चढ होता. दिवसभर मूल उन्हावाऱ्यात होतं. निवेदिता म्हणालीच होती, झोपेला आलेलं मूल जड लागतं. आणि ते हात? तिला वाटलं असेल. अंधारी खोली, पेटीची सावली, आपणच दोन्ही बाजूंनी हात फिरवले असतील. असं करता करता ती दगडापाशी यायची. उचलताना दोन हात. ठेवताना एक. एका हातात आलेलं ते वजन तिच्या हाताला ओळखीचं होतं. रोज सकाळी याच हातानं तर ती ते उचलायची.

५

रविवारी सकाळी काट्यानं अकरा पॉइंट पन्नास दाखवलं. गादीला निधीच्या आकाराचा खड्डा पडला होता. कपडे मात्र कालचेच, सैल.

"हा काटा सामानाचा आहे, श्रद्धा," निवेदिता म्हणाली. तिनं आकड्याकडे नीट बघितलं नाही. "फेकून दे तो."

"तुम्ही उचला, ताई."

निवेदितानं निधीला उचललं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. ती लगेच खुर्चीत बसली. मूल मांडीवर घेऊन तिनं डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. पोट दाबताना तिचा अंगठा आत रुतला नाही.

"नॅपी कधीपासून कोरडा आहे?"

"काल दुपारपासून."

"मग बाकी सगळं राहू दे. हे चांगलं नाही. पाणी कमी पडलंय, किंवा किडनीचं काही. हॉस्पिटल पाऊण तासावर आहे. निघू या."

"आधी त्या घरी जायचं," श्रद्धा म्हणाली.

"कुठल्या?"

"चार नंबरच्या. पाळणा आहे तिथे."

प्रणव गाडीची किल्ली शोधत होता, तो थांबला. "काही विसरलीस का तिथे?"

श्रद्धानं त्याच्याकडे बघितलं. काय सांगणार होती ती? की बारसं पुरं करायला गेले आणि समोरून कुणीतरी हात पुढे केले? हे दोघं शिकलेले, समजूतदार. ओरडणार नाहीत. एकमेकांकडे बघतील, आणि मग हळू आवाजात बोलायला लागतील, तिच्याबद्दल. बाळंतपणानंतर होतं कधी कधी असं. तो आवाज तिला माहीत होता.

"हो," ती म्हणाली. "विसरले."

"मग येताना घेऊ."

गाडीत निधीला सीटमध्ये बसवलं तेव्हा पट्ट्याचं बकल लागेना. प्रणवनं ताण देऊन लावलं. उतारावर गाडी मागून कुणी ढकलावी तशी पळत होती. निवेदिता पुढे बसून हॉस्पिटलला फोन लावत होती, डोंगरात रेंज मिळत नव्हती. खाली ती दगडी ओळ दिसायला लागली. ग्वेन चार नंबरच्या दारात पाटी बाहेर मांडत होती.

"अहो, थांबवा."

"श्रद्धा, निवेदिता काय म्हणाली ऐकलंस ना. एकेक मिनिट—"

"प्रणव, गाडी थांबव."

लग्नाला चार वर्षं झाली, चारचौघांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. लहानपणी मारायची, आंब्याच्या झाडावरून त्याला खाली ढकलायच्या आधी. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"मला औषधातलं कळत नाही, ताई," श्रद्धा बकल सोडवत म्हणाली. "इंग्रजी कळत नाही. पण माझ्या पोरीचं वजन मला कळतं. पाच मिनिटं. मग तुम्ही म्हणाल तिथे येते, म्हणाल त्या कागदावर सही करते."

६

ग्वेननं तिच्याकडे बघितलं. मग कडेवरच्या मुलाकडे, आणि त्या ओझ्यानं एका बाजूला कललेल्या तिच्या खांद्याकडे. काही विचारलं नाही. मांडलेली पाटी उचलून आत घेतली.

"मी दारात उभी आहे," ती म्हणाली. "कुणाला येऊ देणार नाही."

खोली कालच्यासारखीच होती. चूल, टब, बंद घड्याळ. पाळण्यात शालीचं गाठोडं. दोरखंड करकरत होता, एका लयीत, बाईचा हात थकून नुसताच चालत राहतो तसा. श्रद्धा आत आली आणि तो थांबला.

तिला पळून जावंसं वाटलं, आणि त्याचाच राग आला. बाजारात बापाच्या पाठीमागे लोक दोन पाकळ्या जास्त उचलायचे, तेव्हा यायचा तसला राग. ती गुडघ्यांवर बसली. कडेवरचं खाली ठेवलं. टक्.

ते तिच्याकडे बघून हसलं. निधीचं हसू, दोन खळ्यांचं.

"घ्या तुमचं," श्रद्धा म्हणाली, आणि ते पाळण्याखालून पलीकडे ढकललं. 'कुणी' म्हणाली नाही.

बाह्या आल्या. या वेळी तिनं मान वर ठेवली आणि हात नीट बघितले. तरुण हात होते. तिच्याच वयाचे असतील. बोटांची पेरं फुटलेली, थंड पाण्यात कपडे धुऊन फुटतात तशी. नखं शिशाच्या रंगाची. त्यांनी ते घेतलं आणि वर उचललं.

मग काहीच झालं नाही. श्रद्धा थांबली. तिचा श्वास तिला ऐकू येत होता, बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं.

"द्या," ती म्हणाली.

पाळण्याच्या कठड्यावरून ते हात वर आले. त्यांच्यात निधी होती. हात पसरलेले, तोंड उघडं, "आ, आ" करत होती, सकाळी उठल्यावर करते तसं. श्रद्धाचे हात पुढे गेले. दूध छातीत उतरलं, कापड ओलं झालं. बोटं त्या पोरीच्या काखेपर्यंत पोचली होती.

आणि तिला ती मनगटं दिसली. थरथरत होती. शिरा टरारून वर आल्या होत्या, कोपर खाली खाली चाललं होतं. सहा किलोच्या लेकराला धरून कुठल्या बाईचं मनगट थरथरतं?

श्रद्धानं हात मागे घेतले.

तिनं पाळण्यात हात घातला आणि शालीतलं गाठोडं उचललं. थंडगार. शालीतूनही कोपरे लागत होते, टणक, दगडाचे. तिनं झोळी पसरली, ते तिच्यात ठेवलं, हुक अडकवला. काटा बराच वेळ थांबेना. मग वाजला.

सहा पॉइंट साठ. झोळी वजा.

"ही माझी," श्रद्धा म्हणाली. मराठीतच म्हणाली, तिला दुसरं सुचलं नाही. "मी दिली होती, कारण समोर कोण आहे ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता देत नाही."

कठड्यावरचं 'आ, आ' मध्येच थांबलं, तोंडावर कुणी हात ठेवावा तसं. मग रडू सुरू झालं. निधीचंच रडू, भुकेचं, त्या बारीक चिरकण्यापर्यंत तेच. श्रद्धानं दगड छातीशी घट्ट धरला आणि पाठ फिरवली. दारापर्यंत सात पावलं होती. प्रत्येक पावलाला ते रडू म्हणत होतं, आई असून जातेस. बंद घड्याळाच्या काचेत तिला एकदा मागचं दिसलं. चेहरा नाही दिसला. खांदे दिसले, थंडीनं आक्रसलेले, शाल नसलेले. आणि मान, श्रद्धाच्या हातातल्या दगडाच्या दिशेनं पुढे आलेली.

ती थांबली नाही. उंबऱ्यावर पोचली तेव्हा तिच्या बाहीला ऊब लागली. मग ओल. कोपरापर्यंत पसरली, खाली ठिबकली.

दगड मुतत नाही, श्रद्धाच्या मनात आलं. ग्वेननं तिला दंडाला धरलं.

प्रणव धावत आला. त्यानं शालीचं टोक बाजूला केलं. आत निधी होती, ओठ कोरडे, करडा डाग पडलेल्या गालावर मुठी चोळत. भुकेनं बेजार झालेली.

"ही शाल कुणाची घेतलीस?" त्यानं विचारलं. तेवढंच त्याला वेगळं दिसलं होतं.

७

हॉस्पिटलमध्ये काही सापडलं नाही. थोडं पाणी कमी पडलंय म्हणाले, पाजत राहा. रविवारीच ते रीडिंगला निघाले, आणि वाटेवर निवेदितानं दोनदा मागे वळून निधीला बघितलं.

सोमवारी सकाळी, रीडिंगमध्ये, श्रद्धानं झोळी काढली. काट्यानं सहा पॉइंट वीस दाखवलं. झोळी वजा, सहा.

तिनं पुन्हा तोललं. सहा.

बराच वेळ ती पलंगावर बसून राहिली. मग भिजत घालायला मोरीत ठेवलेली ती करडी शाल तिनं आणली, आता वाळली होती, घडी करून हुकाला लावली. शून्य पॉइंट चाळीस.

लहानपणापासून ती काही ना काही वजा करत आली होती. पिशवीचं, डब्याचं, झोळीचं. आणि त्या एका वेळी, शाल वजा करायची राहिली होती.

म्हणजे तिथे, त्या खोलीत, हातात आलं होतं ते सहा किलोच. तिनं उचललं ते सहा-चारशे समजून. मग बरोबर उचललं का? तिनं निधीकडे बघितलं. निधीनं मंगळसूत्र पकडून तोंडात घातलं होतं आणि जोरानं ओढत होती. एक दिवस, एक रात्र उपाशी पडलेलं लेकरू चारशे ग्रॅम उतरतं. ते कुठल्याही आईला विचारा. थंड खोलीत, शालीत, कुणी आवाज ऐकेल म्हणून रडून रडून.

हा हिशोब तिनं प्रणवला सांगितला नाही.

दुपारी निवेदिता आली. ग्वेनचा फोन आला होता, शाल परत पाठवाल का विचारत होती. "आणि म्हणत होती," निवेदिता थांबली, "तो पाळण्यातला दगड साफ करायला गेली तर तिला हलवता येईना. शेजारच्या माणसाला बोलावलं, दोघांनाही जमलं नाही. दोरखंड ताणलाय म्हणे. म्हातारी आहे बिचारी, काहीही बोलते."

"शाल धुऊन पाठवते," श्रद्धा म्हणाली. "एक नवीन पण पाठवते. जाड बघून."

"नवीन कशाला?"

"थंडी असते तिथे. आणि सांगा तिला, पाळणा रिकामा ठेवू नका."

गुरुवारी हेल्थ व्हिजिटर आल्या. लाल पुस्तक उघडलं, ठिपका काढला आणि कपाळाला आठी घातली. ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली गेला होता. काही काळजी करण्यासारखं घडलं का या आठवड्यात, त्यांनी हळू, समजुतीच्या आवाजात विचारलं.

"फोर हंड्रेड ग्रॅम," श्रद्धा म्हणाली. "गेले. आय विल पुट बॅक."

बाई गेल्यावर तिनं नाचणीचं सत्त्व गॅसवर ठेवलं. मंद आच, हात न थांबवता ढवळायचं, गाठ होऊ द्यायची नाही. निधी ओट्याखाली झोळीच्या कापडावर लोळत होती, आणि त्या कापडाचं टोक श्रद्धाच्या पायाला बांधलेलं होतं. चारशे ग्रॅम म्हणजे काय, लसणाचे आठ-दहा मोठे गड्डे. पाळण्यापलीकडच्या त्या बाईंनी ठेवून घेतले असतील तर घेऊ देत. ती इथे चमच्याचमच्यानं भरून काढणार होती.

शुक्रवारी सकाळी काटा वाजला. झोळी वजा, सहा किलो वीस ग्रॅम.